श्रद्धेचा लोप आणि श्रद्धावंतांविषयीचा आदर : व्हेरिअर एल्विन यांच्या जीवनाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराविषयी मराठी भाषेत विपुल लेखन झाले आहे. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय', लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे', पंडिता रमाबाई यांची आत्मनिवेदने आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची चरित्रे यांमधून एक व्यक्ती नव्या श्रद्धेकडे कशी जाते, त्यासाठी तिला कोणती किंमत मोजावी लागते आणि तिच्या घरात कोणती उलथापालथ होते, याचे तपशीलवार दर्शन घडते. याउलट, ख्रिस्ती घरात वाढलेल्या किंवा ख्रिस्ती धर्मसेवेत आयुष्य घालवू पाहणाऱ्या व्यक्तीची श्रद्धा मावळते तेव्हा काय होते, या प्रश्नाकडे मराठी अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी होती. एवढ्या लहान समाजात श्रद्धा सोडणे ही केवळ वैयक्तिक घटना राहत नाही. समाजाला ती आपल्या संख्येतील घट वाटते, तर बाहेरच्या काही मंडळींना आपला विजय वाटतो. ज्याची श्रद्धा गेली त्याला मात्र यांपैकी काहीच अभिप्रेत नसते. तो कोणाकडे परत आलेला नसतो आणि कोणाविरुद्ध उभाही राहिलेला नसतो. त्याची आई रविवारी उपासनेला जातच असते आणि जेवणापूर्वी प्रार्थना करतच असते. तिच्याशी त्याने कसे वागावे, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार व्हेरिअर एल्विन यांच्या जीवनाच्या आधारे केला आहे. एल्विन यांना आपण आदिवासी जीवनाचे अभ्यासक म्हणून ओळखतो. परंतु ते भारतात आले ते अँग्लिकन धर्मगुरू म्हणून, आणि आले ते पुण्यात. त्यांचा ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर जाण्याचा प्रवास या शहरातील एका आश्रमातून सुरू झाला, ही बाब पुण्याच्या वैचारिक इतिहासातही क्वचितच नोंदली जाते.

श्रद्धालोप म्हणजे काय

श्रद्धालोप, धर्मांतर, संशय आणि मंडळीशी मतभेद या चार गोष्टी नेहमीच्या बोलण्यात एकमेकींत मिसळल्या जातात. त्या वेगळ्या करणे आवश्यक आहे.

पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर लवकरच त्यांचा आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचा तीव्र वाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चचा अधिकार केवळ कोणी सांगते म्हणून स्वीकारण्यास रमाबाईंनी नकार दिला. बायबलचा अर्थ स्वतःच्या सद्सद्विवेकाने लावण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. ए. बी. शाह यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना काही वेळा असे वाटते की रमाबाई ख्रिस्ती धर्म सोडण्याच्या उंबरठ्यावर आहेत. परंतु तसे घडले नाही. केडगावच्या मुक्ती मिशनच्या काळात त्यांची श्रद्धा अधिकच दृढ झाली. हा संशय होता, लोप नव्हे. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला. हा संस्थेशी मतभेद होता. त्यांची ख्रिस्तभक्ती त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही.

विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या 'द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स' या ग्रंथात धर्मपरिवर्तनाच्या अनुभवाबरोबरच त्याच्या उलट दिशेच्या अनुभवाचीही दखल घेतली आहे. ज्याप्रमाणे काहींना श्रद्धा एकाएकी प्राप्त होते, त्याप्रमाणे काहींची श्रद्धा एका रात्रीत निघून जाते, याचे उदाहरण म्हणून त्यांनी फ्रेंच तत्त्वज्ञ झूफ्रॉय यांचे निवेदन दिले आहे. तथापि बहुतेकांच्या बाबतीत असे एकाएकी घडत नाही. प्रार्थना आधी लांबणीवर पडते, मग ती सवय म्हणून होते आणि एके दिवशी असे लक्षात येते की समोर कोणी ऐकत आहे ही जाणीव बऱ्याच काळापूर्वीच गेली आहे.

येथे आणखी एक भेद करावा लागतो. ख्रिस्ती गूढवादी परंपरेत ईश्वराच्या अनुपस्थितीचा अनुभव हा श्रद्धेचाच एक टप्पा मानला गेला आहे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी त्याला आत्म्याची काळोखी रात्र म्हटले. मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे वाचून अनेकांनी त्यांना नास्तिक ठरवण्याची घाई केली. ती चुकीची होती. काळोखात असलेला भक्त ईश्वराकडे तक्रार करतो. ज्याची श्रद्धा लोपली आहे, त्याला तक्रार करण्यासाठी कोणी उरलेला नसतो. एल्विन यांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे, कारण या गूढवादी परंपरेचे ते स्वतः जाणकार होते आणि आपल्या अवस्थेला काळोखी रात्र म्हणण्याचा मार्ग त्यांना सहज उपलब्ध होता.

पुण्याची पार्श्वभूमी

एल्विन यांच्या आधी अर्धशतकापासून पुण्यात श्रद्धेच्या प्रश्नावर वाद चालू होते. महात्मा जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनरी शिक्षकांविषयी त्यांना कृतज्ञता होती, परंतु त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. त्यांच्यावर ज्या थॉमस पेन यांच्या 'राइट्स ऑफ मॅन'चा प्रभाव पडला, त्याच पेन यांनी 'द एज ऑफ रीझन'मध्ये बायबलच्या प्रामाण्यावर कठोर हल्ला केला होता. पुढे मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी हीच भूमिका बजावली. डेक्कन कॉलेज व फर्ग्युसन कॉलेज येथील विद्यार्थ्यांचा परंपरागत हिंदू श्रद्धांवरील विश्वास ज्या पुस्तकांनी डळमळीत झाला, तीच पुस्तके इंग्लंडमधील सुशिक्षितांच्या ख्रिस्ती श्रद्धेला तडे देत होती. मिशनऱ्यांची यामुळे मोठी पंचाईत झाली. पाश्चात्त्य शिक्षण दिले की विद्यार्थी ख्रिस्ताकडे वळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो अनेकदा अज्ञेयवादाकडे वळला.

गोपाळ गणेश आगरकर हे याचे ठळक उदाहरण होय. 'सुधारक'च्या स्तंभांतून त्यांनी रूढींवर केलेले प्रहार सर्वांना परिचित आहेत. मात्र त्यांच्या पत्नी यशोदाबाई परंपरेने चालणाऱ्या होत्या आणि आगरकरांनी त्यांच्या व्रतवैकल्यांत आडकाठी आणली नाही. काहींना यात विसंगती दिसते. परंतु वृत्तपत्रात मत मांडणे आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसावर ते लादणे यांत फरक आहे. पती, पिता, प्राचार्य किंवा संपादक या नात्याने हाती आलेली सत्ता विचाराच्या बाजूने वापरायची नाही, असा निर्बंध आगरकरांनी घरात तरी पाळलेला दिसतो.

फुल्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका कुटुंबाची कल्पना आहे. त्यात पत्नी बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध, पती बायबल वाचून ख्रिस्ती, कन्या कुराण वाचून महंमदी आणि पुत्र सत्यधर्मी होतो, आणि तरीही सर्वजण एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एकत्र राहतात. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात सहजीवनाची इतकी धीट कल्पना दुसरी सापडणे कठीण आहे. मात्र या घरातील चौघेही काही ना काही स्वीकारतात. जो काहीच स्वीकारत नाही, असा पाचवा सदस्य या घरात नाही. त्याच्यासाठी जागा कशी करायची, हे फुल्यांनी सांगितलेले नाही.

शिवाजीनगर ते करंजिया

व्हेरिअर एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी डोव्हर येथे झाला. त्यांचे वडील सिएरा लिओनचे बिशप होते आणि १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले. आई कट्टर इव्हँजेलिकल वळणाची होती. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमध्ये इंग्रजी साहित्य आणि ईश्वरविद्या या दोन्ही विषयांत त्यांनी प्रथम वर्ग मिळवला. धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. इंग्लंडमध्ये उच्च पद मिळण्याची सर्व चिन्हे असताना १९२७ च्या अखेरीस ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले.

हा संघ जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने १९२२ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात सुरू केला होता. विन्स्लो हे रेव्हरंड टिळकांचे चरित्रकार. टिळकांचे चरित्र त्यांनी १९२३ मध्ये इंग्रजीत लिहिले. ख्रिस्ती जीवन भारतीय पद्धतीने जगता यावे, गोऱ्या आणि देशी ख्रिस्ती लोकांनी समान पातळीवर एकत्र राहावे, हा संघाचा हेतू होता. पुढे संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगर भागात उभा राहिला. सदस्य खादी वापरीत, जमिनीवर बसून जेवत आणि प्रार्थनेच्या वेळा कटाक्षाने पाळीत.

एल्विन यांची या काळातील पुस्तके पाहिली असता त्यांच्या श्रद्धेची खोली लक्षात येते. इंग्लंडमधील चौदाव्या शतकातील गूढवादी रिचर्ड रोल याच्यावर त्यांनी लिहिले आणि त्याला ख्रिस्ती संन्यासी म्हटले. ख्रिस्ती ध्यानपद्धतीवरील त्यांचे पुस्तक १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी 'ख्राइस्ट अँड सत्याग्रह' हे पुस्तकही आले. जानेवारी १९२८ मध्ये साबरमती येथे त्यांची गांधीजींशी भेट झाली होती. गांधीजींच्या अहिंसेत त्यांना ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाचा प्रत्यय आला. परिणामी ज्या चर्चचे ते धर्मगुरू होते ते चर्च आणि ज्या लोकांत ते राहत होते ते लोक, यांत त्यांना निवड करावी लागली. ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे मुंबईत मणिभवन येथे गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन तेथे उपस्थित होते. त्याच महिन्यात ते शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्रासह मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात करंजिया या गोंडांच्या गावी गेले.

नागपूरच्या बिशपांनी एल्विन यांना धर्मगुरू म्हणून काम करण्याची परवानगी देण्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली. एल्विन यांनी ती नाकारली. त्यामुळे दीक्षा घेतलेला धर्मगुरू असूनही अधिकृतपणे धर्मविधी चालविण्याचा अधिकार त्यांना उरला नाही. गोंडांना बाप्तिस्मा देण्याचाही त्यांचा विचार नव्हता. दवाखाना, शाळा आणि कुष्ठरुग्णांची सेवा हे काम चालू राहिले. अखेर १९३५ च्या उत्तरार्धात त्यांनी चर्च ऑफ इंग्लंडशी असलेला संबंध संपुष्टात आणला.

या घटनाक्रमावरून एल्विन यांची श्रद्धा चर्चच्या साम्राज्यनिष्ठेमुळे गेली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अपुरा आहे. केवळ संस्थेविषयी चीड असती तर ते टिळकांप्रमाणे संस्थेबाहेर राहून ख्रिस्तभक्त राहू शकले असते. गांधीजींच्या सहवासात त्याला वावही होता. त्यांनी तसे केले नाही. आपण ज्या सत्यावर उभे होतो ते आता आपल्याला सत्य वाटत नाही, हे मान्य करून त्यांनी तदनुसार पदत्याग केला. विशेष म्हणजे यानंतर काही वर्षांत गांधीवादावरील त्यांचा विश्वासही ओसरला. मद्यनिषेध, ब्रह्मचर्याचा आग्रह आणि सर्वत्र चरखा हे उपाय आदिवासींच्या जीवनाला गैरलागू आहेत, असे त्यांना वाटू लागले. श्रद्धालोपाचा अनुभव त्यांना एकदा नव्हे, दोनदा आला.

लोपानंतर

श्रद्धा गेल्यानंतर एल्विन यांनी पुढील जवळजवळ तीन दशके इतरांच्या श्रद्धांची नोंद घेण्यात घालवली, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत विचार करण्याजोगी बाब होय. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बैगा' या ग्रंथात नांगराने धरतीमातेचे स्तन फाडू नयेत या बैगांच्या समजुतीचे वर्णन आहे. वनखात्याचे अधिकारी तिला आळसाचे निमित्त मानीत. एल्विन यांनी ती एका समाजाने स्वतःविषयी बाळगलेली गंभीर धारणा म्हणून मांडली आणि त्या आधारे फिरत्या शेतीच्या हक्काचा प्रश्न उभा केला. ओरिसातील सावरा जमातीच्या धर्मावरील त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. त्यात पुरुष व स्त्री शमन, त्यांचे अदृश्य लोकातील विवाह, रोगनिवारणाचे विधी आणि भिंतींवरील चित्रे यांचे शेकडो पृष्ठांचे वर्णन आहे. स्वतःचा विश्वास नसलेल्या गोष्टीचे इतक्या धीराने वर्णन करणे सोपे नसते. वर्णनात कोठेही उपहास नाही आणि भाबडेपणाही नाही. ज्याने कधीकाळी स्वतः प्रार्थना केली आहे, त्याला प्रार्थना करणारा माणूस काय करतो आहे हे आतून ठाऊक असते. एल्विन यांच्या मानवशास्त्रातील हा गुण त्यांच्या पूर्वायुष्यातून आला असावा, असे मानण्यास जागा आहे.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. जो आदर त्यांनी सावरा शमनाला दिला, तो ख्रिस्ती झालेल्या गोंडाला दिला का? १९४४ च्या सुमारास मंडला जिल्ह्यातील रोमन कॅथलिक मिशनच्या धर्मांतराच्या कामावर एल्विन यांनी जाहीर टीका केली आणि ठक्करबाप्पांच्या साहाय्याने त्याविरुद्ध मोहीम उभी केली. मिशनच्या पद्धतींवरील त्यांचे काही आक्षेप विचारार्ह होते. परकीय धर्मसंस्थेकडे पैसा व शाळा असताना निर्धन आदिवासीचा स्वीकार कितपत स्वतंत्र असतो, हा प्रश्न खराच आहे. मात्र त्या वादात बाप्तिस्मा घेतलेला गोंड स्वतः काय म्हणत होता, हे फारसे ऐकू येत नाही. त्याला एकतर फसवले गेलेला किंवा आमिषाला बळी पडलेला मानले गेले. आपल्या पूर्वजांच्या देवतेवर विश्वास ठेवणारा गोंड एल्विन यांना समजत होता. येशूवर विश्वास ठेवणारा गोंड समजून घेण्याची तेवढी तयारी दिसत नाही.

ही केवळ एल्विन यांची उणीव नाही. दूरच्या श्रद्धेचा आदर करणे तुलनेने सोपे असते, कारण तिने आपल्यावर कधी हक्क सांगितलेला नसतो. जी श्रद्धा आपण सोडली तिच्याशी आपला हिशेब अपुरा असतो. ती धरून राहिलेला माणूस समोर आला की आपणच पूर्वी केलेली चूक तो अजूनही करीत आहे, असे वाटू लागते. नास्तिक झालेला ब्राह्मण सूफी दर्ग्यात भावुक होतो आणि घरच्या सत्यनारायणाला नाक मुरडतो, हा अनुभव पुण्यात नवा नाही. चर्च सोडलेली व्यक्ती पंढरीच्या वारीविषयी भरभरून बोलते, परंतु आपल्या मावशीच्या उपवासप्रार्थनेची थट्टा करते. या दोन्हींत आदराची निवड सोयीने केलेली असते.

आदराचे स्वरूप

मग सोडलेल्या श्रद्धेविषयी आदर म्हणजे नेमके काय? एक सर्रास आढळणारे उत्तर असे की, आईला त्यातून आधार मिळतो ना, मग असू दे. हे उत्तर सौम्य दिसते, पण त्यात आईचा मान राखला जात नाही. प्रभू येशूचे पुनरुत्थान झाले असे ती म्हणते तेव्हा मला बरे वाटते असे तिला म्हणायचे नसते. ती जगाविषयी एक विधान करीत असते आणि ते खरे आहे असे मानत असते. त्या विधानाला औषधाचा दर्जा देणे म्हणजे ते ऐकूनच न घेणे होय. त्यापेक्षा मला ते खरे वाटत नाही, असे एकदा शांतपणे सांगणारा मुलगा तिचा अधिक आदर करतो. मतभेद होण्याइतकी ती त्याच्या लेखी महत्त्वाची असते.

दुसरे टोक नाटकाचे. घरात तणाव नको म्हणून अनेकजण श्रद्धा गेल्यानंतरही प्रभुभोजन घेत राहतात. यामागे प्रेम असते हे नाकारता येत नाही. पण भाकर आणि द्राक्षारस घेणे ही श्रद्धावंतांच्या दृष्टीने सौजन्याची कृती नसून साक्ष आहे. अयोग्य रीतीने ते घेऊ नये, असा इशारा पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दिला आहे. जो विश्वास ठेवत नाही त्याने त्या वेळी बाकावर बसून राहणे हे विधीचे गांभीर्य मान्य करण्यासारखेच आहे. एल्विन यांनी पद सोडले, त्यामागेही हाच प्रामाणिकपणा होता. त्याउलट स्तोत्रे म्हणणे, दफनविधीत मातीची मूठ टाकणे, नाताळच्या करंज्या करणे, वडिलांना आजारपणात त्यांच्या जुन्या बायबलमधील उतारा वाचून दाखवणे, यांत सहभागी होण्यास श्रद्धालोप आड येण्याचे कारण नाही. 'उपासना संगीत' मधील टिळकांची पदे ज्याने लहानपणापासून गायली, त्याला ती श्रद्धेविनाही आपली वाटतात. ही सीमा प्रत्येकाने कोठे आखावी हे बाहेरून सांगता येत नाही. ती आखलेली असावी, एवढे म्हणता येते.

इंग्रजी साहित्यात या विषयावरील अभिजात पुस्तक म्हणजे एडमंड गॉस यांचे १९०७ मधील 'फादर अँड सन'. गॉस यांचे वडील नामांकित निसर्गशास्त्रज्ञ आणि प्लिमथ ब्रदरन या कडव्या पंथाचे अनुयायी होते. मुलाने ती श्रद्धा सोडली. पुस्तकात वडिलांच्या श्रद्धेचे चित्रण इतके बारकाईने आले आहे की वाचकाला मुलाच्या मुक्ततेबरोबर वडिलांचे दुःखही जाणवते. तरीही वडील हयात नसताना, त्यांना उत्तर देण्याची संधी नसताना, त्यांना वाचकांपुढे उभे केले गेले, हा आक्षेप त्या पुस्तकावर घेता येतो. एल्विन यांचे आत्मचरित्र १९६४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच प्रसिद्ध झाले आणि त्यास पुढील वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुण्यातील आश्रमाचे दिवस त्यात आपुलकीने आले आहेत.

या नात्याची दुसरी बाजूही आहे. श्रद्धावंत आई मुलाच्या परतण्यासाठी प्रार्थना करते. उधळ्या पुत्राचा दाखला तिच्या मनात असतो. मुलाला यात आपला कमीपणा वाटू शकतो. परंतु तिने ही प्रार्थना करू नये असे म्हणणे, म्हणजे तिने तिच्या श्रद्धेप्रमाणे वागू नये असे म्हणण्यासारखे आहे. रेव्हरंड टिळक फेब्रुवारी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधल्या काळात त्यांनी पत्नीला ख्रिस्ताविषयी सांगणे थांबवले नाही आणि सक्तीही केली नाही. लक्ष्मीबाईंनीही आपले सोवळे पतीसाठी लगेच टाकले नाही. त्या काळातील भांडणे, विनोद आणि हट्ट 'स्मृतिचित्रे'त आहेत. तेथे आदर म्हणजे शांतता नव्हती.

कायद्याची दृष्टी

भारतीय कायदा प्रामुख्याने एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाणे ओळखतो. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात, २००१ च्या दुरुस्तीनंतर, जोडीदाराने अन्य धर्म स्वीकारून ख्रिस्ती असणे सोडले तर ते घटस्फोटाचे कारण मानले आहे. अन्य धर्म न स्वीकारता केवळ श्रद्धा गेली, तर या तरतुदीत त्याचा विचार नाही. कायद्याच्या दृष्टीने तो माणूस होता तेथेच असतो.

या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा निकाल उल्लेखनीय आहे. काही अर्जदारांनी आपण ख्रिस्ती धर्म सोडला असून आता कोणत्याच धर्माचे नाही, अशी नोंद राजपत्रात करण्याची मागणी केली होती. शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांच्या खंडपीठाने असे मत दिले की, संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताच धर्म न मानण्याचा आणि तसे जाहीर करण्याचा हक्क अंतर्भूत आहे, आणि धर्माचे नाव सांगण्याची सक्ती शासन करू शकत नाही. गमतीचा भाग असा की हे अर्जदार नास्तिक नव्हते. येशू ख्रिस्तावर त्यांचा विश्वास होता, मात्र धर्म या संस्थेवर नव्हता. म्हणजे ज्या निकालाचा आधार श्रद्धा गेलेल्या माणसाला मिळतो, तो श्रद्धावंतांनी मिळवून दिलेला आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २८ लाख ६७ हजार व्यक्तींचा धर्म नमूद झालेला नाही. त्यांत श्रद्धा गेलेले किती, नोंद करण्याचेच राहून गेलेले किती, हे त्या आकड्यावरून समजत नाही.

अध्यापकाची भूमिका

महाविद्यालयीन अध्यापकाच्या बाबतीत हा प्रश्न वर्गात उभा राहतो. आगरकरांनी घरात जो निर्बंध पाळला तो वर्गातही लागू पडतो, कारण तेथेही एका बाजूस गुण देण्याचा अधिकार असतो. मराठीच्या वर्गात 'स्मृतिचित्रे' किंवा टिळकांच्या कविता शिकवताना दोन पळवाटा नेहमी वापरल्या जातात. पहिलीत टिळकांचा ख्रिस्त बाजूला सारून त्यांना निसर्गकवी आणि बालकवींचे मार्गदर्शक एवढ्यावरच थांबवले जाते. दुसरीत त्यांची भक्ती ही मुळात वारकरीच होती आणि ख्रिस्ताचे नाव केवळ वरवरचे होते, असे सांगितले जाते. दोन्हींत वर्गात बसलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला त्याच्या घरातील पदे ओळखू येत नाहीत. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले ते तुकोबांच्या वळणाने म्हटले, हे खरे. पण ज्याला म्हटले तो नाझरेथचा येशू होता. वधस्तंभावर मेलेला व पुन्हा उठलेला असा त्याच्याविषयी टिळकांचा विश्वास होता. अध्यापकाचा तो विश्वास असो, नसो किंवा एके काळी असून आता नसो, वर्गात तो एवढ्याच स्पष्टपणे सांगितला गेला पाहिजे. आणि एखाद्या विद्यार्थ्याने तासानंतर येऊन 'सर, तुमचा यावर विश्वास आहे का?' असे विचारले, तर त्यालाही खरे उत्तर मिळाले पाहिजे.